लिंक उघडली म्हणजे घराचा पत्ता गेला का?

अनोळखी नंबरवरून लिंक आली, बोट लागलं, पान उघडलं आणि घाईघाईने बंद केलं. मग दोन दिवस पोटात गोळा: समोरच्याला आपलं घर कळलं असेल का? नुसतं पान उघडल्याने घर कळत नाही. फार तर शहर कळतं, आणि तेही कित्येकदा चुकीचं. घर कळतं ते त्या पानावर आलेल्या एका छोट्या चौकटीत तुम्ही 'परवानगी द्या' दाबलंत तर. 'क्लिक केलं की सगळं गेलं' असं सांगणाऱ्या व्हिडिओंमुळे लोक लिंकला घाबरतात आणि ही चौकट मात्र न वाचता दाबून टाकतात. घाबरायचं असेल तर चौकटीला घाबरा.

पान उघडताच काय जातं

कुठलंही पान उघडताना तुमचा फोन पलीकडच्या सर्व्हरकडे, म्हणजे ते पान ठेवलेल्या कॉम्प्युटरकडे, ते मागतो. उत्तर परत कुठे पाठवायचं हे सर्व्हरला कळावं लागतं, म्हणून मागणीबरोबर आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, जातोच. त्याला अटकाव नाही. तसंच चालतं इंटरनेट. शिवाय ब्राउझरचं नाव, अँड्रॉइड की आयफोन, फोनची भाषा, नेमकी वेळ आणि कधीकधी तुम्ही आधी कुठल्या पानावर होतात, एवढं जातं. मोबाइल नंबर, नाव, कॉन्टॅक्ट, गॅलरी यातलं काहीही जात नाही.

इथे एक मेख आहे. पाठवणाऱ्याने ती लिंक फक्त तुमच्यासाठी बनवली असेल, तर तिच्या शेपटीत वेगळी खूण असते. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी द्यावी आणि परत आलेल्या चिठ्ठीच्या रंगावरून माणूस ओळखावा, तसं. तुमच्या फोनने नाव सांगितलेलं नसतं, पण ही लिंक तुम्हीच उघडली, अमुक वाजता उघडली आणि तो नंबर चालू आहे, हे समोरच्याला समजतं.

आता आयपीवरून जागा कशी काढतात? कुठल्या कंपनीकडे कुठले आयपी आहेत आणि ते साधारण कुठल्या शहरात वापरले जातात, याच्या याद्या विकत मिळतात. मोबाइल डेटावर या याद्यांचा पार बोजवारा उडतो, कारण असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीच्या मागे असतात आणि त्यांची वाहतूक कंपनीच्या एखाद्या मोठ्या केंद्रातून बाहेर पडते. परभणीत बसलेला माणूस मुंबईत किंवा पुण्यात दिसू शकतो. घरच्या ब्रॉडबँडवर शहर बहुधा बरोबर येतं, पण गल्ली आणि घर नाही. अमुक वेळी अमुक आयपी कुठल्या ग्राहकाकडे होता ही नोंद टेलिकॉम कंपनीकडे असते. ती पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागू शकतात. लिंक पाठवणाऱ्या कुणा सोम्यागोम्याला ती मिळत नाही.

हे स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या आणि आयपीचं लोकेशन दाखवणारी कुठलीही साइट उघडा. कुठलं शहर दाखवतेय ते लिहून ठेवा. मग वायफायवर जाऊन तेच करा. यातल्या काही साइट स्वतःच लोकेशनची परवानगी मागतात. ती नाकारा. नाहीतर नकाशावर थेट तुमची इमारत दिसेल आणि आयपीवरून घर सापडतं असा तुमचाच गैरसमज होईल.

ती चौकट

पानाला तुमची खरी जागा हवी असेल तर ते ब्राउझरला विचारतं आणि ब्राउझर तुम्हाला. तुम्ही हो म्हटलं की फोन हाताशी असेल ते साधन वापरतो. मोकळ्या आकाशाखाली जीपीएस, म्हणजे पाच-दहा मीटरपर्यंत अचूक. घरात असाल तर आजूबाजूच्या वायफाय राउटरच्या खुणा गूगल किंवा अ‍ॅपलच्या यादीशी ताडून बघितल्या जातात. त्यातून इमारत किंवा तिच्या शेजारची इमारत येते. फक्त मोबाइल टॉवर असेल तर काही शे मीटरपासून कित्येक किलोमीटरपर्यंत फरक पडतो.

पानाच्या हाती पडतात ते मुख्यतः तीन आकडे: अक्षांश, रेखांश आणि 'इतक्या मीटरची चूक असू शकते' असं सांगणारा अंदाज. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून दशांश चिन्हानंतर दोनच आकडे असतील तर सुमारे १.१ किलोमीटरचा पल्ला, म्हणजे एखादा अख्खा मोहल्ला. चार आकडे असतील तर ११ मीटर, म्हणजे तुमचं फाटक. पाचव्या आकड्यावर मीटरभराचा हिशेब येतो, पण तेवढी अचूकता फोनच्या जीपीएसमध्ये सहसा नसतेच.

चौकटीवर सगळ्यात वर साइटचा पत्ता असतो, खाली 'तुमचं लोकेशन जाणून घ्यायचं आहे' अशा अर्थाचं वाक्य आणि त्याखाली पर्याय: साइटवर असेपर्यंत परवानगी, फक्त या वेळेपुरती, किंवा नकार. शब्द आणि पर्याय ब्राउझरप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात. हा मजकूर ब्राउझर लिहितो, पानाला तो बदलता येत नाही. म्हणून फसवणारा चौकटीला हात लावत नाही. ती येण्याआधी तुमचं मन तयार करतो.

ते कसं, ते जवळून बघू. मेसेज येतो: 'पत्ता अपूर्ण असल्याने आपलं पार्सल परत पाठवलं जात आहे. २४ तासांत पत्ता निश्चित करा.' लिंक उघडली की लाल-पिवळा लोगो, एक पार्सल नंबर आणि मोठं हिरवं बटण: 'जवळचं केंद्र शोधा'. तुम्ही ते दाबता आणि मग चौकट येते. 'जवळचं' हा शब्द तुम्ही आताच दाबलेला असतो, त्यामुळे लोकेशन मागणं अगदी रास्त वाटतं आणि बोट आपोआप 'परवानगी' वर जातं. मुखवटे निरनिराळे असतात: शाळेच्या ग्रुपचं निमंत्रण, कुणीतरी शेअर केलेले फोटो, सरकारी योजनेचा हप्ता, वीजबिल. पण बटण दाबायला लावून मग चौकट आणायची, हा क्रम तोच.

ओळखायची कसोटी साधी. या कामाला मी कुठे उभा आहे हे कळायची गरज आहे का? पार्सल शोधायला पार्सलचा नंबर पुरतो. फोटो बघायला, ग्रुपमध्ये जायला, बिल भरायला लोकेशन लागत नाही. रिक्षा बोलवायला लागतं. शंका असेल तर नकार द्या. खरी साइट असेल तर पिनकोड टाकायची सोय देईल.

पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपावर मात्र भिस्त ठेवू नका. क्रोम ब्राउझर एप्रिल २०१६ मधल्या ५० व्या आवृत्तीपासून सुरक्षित जोडणी नसलेल्या पानाला लोकेशन देतच नाही. म्हणजे लोकेशन काढायला बसलेल्या प्रत्येक ठगाने कुलूप लावलेलंच असतं, आणि ते फुकट मिळतं. मधल्या वाटेत कुणी ऐकत नाही एवढीच हमी कुलूप देतं. पलीकडे कोण बसलंय ते नाही सांगत.

परवानगी दिल्यावर काय चालू राहतं

पान समोर उघडं असेल तोवर ते नवनवी जागा घेत राहू शकतं, म्हणजे तुम्ही चालत असाल तर चाललेली वाटही. टॅब बंद केला की थांबतं. वेबपान बंद झाल्यावर पाठीमागून तुमचा माग काढू शकत नाही. ते काम इन्स्टॉल केलेलं अ‍ॅप करू शकतं. मात्र 'साइटवर असेपर्यंत' असं म्हटलं असेल तर ती परवानगी त्या पत्त्याच्या नावे साठवली जाते. पुढच्या वेळी तीच साइट उघडली की चौकट न येताच लोकेशन जातं. ही उधारी मिटवायची ती अशी.

अँड्रॉइडवर क्रोम उघडा, कोपऱ्यातले तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, लोकेशन. वरचा पर्याय 'आधी विचारा' असाच ठेवा. खाली परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसेल. अनोळखी नाव दिसलं की त्यावर टिचकी मारून परवानगी काढून टाका. वर्षानुवर्षं फोन वापरणाऱ्यांच्या यादीत कधीकाळी उघडलेली हॉटेलं, हवामानाच्या साइट आणि काय काय निघतं.

पुढची पायरी जास्त महत्त्वाची, आणि तीच बहुतेक लोक विसरतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये लोकेशन, मग अ‍ॅपच्या परवानग्या, मग क्रोम. इथे 'वापरात असतानाच' किंवा 'दर वेळी विचारा' निवडा आणि 'अचूक लोकेशन वापरा' हे बटण बंद करा. हे बटण अँड्रॉइड १२ पासून आलं. ते बंद असलं की चौकटीत चुकून हो दाबलं तरी पानाला साधारण तीन चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातली अंदाजे जागा मिळते. सॅमसंग, शाओमी, विवो यांच्या मेनूची मांडणी वेगवेगळी असते. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'लोकेशन' टाइप करा.

आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, त्यात 'सफारी वेबसाइट्स'. 'पुढच्या वेळी विचारा' ठेवा आणि 'प्रिसाइज लोकेशन' बंद करा. ही सोय आयओएस १४ पासून आहे. आयफोनवर क्रोम वापरत असाल तर त्याच यादीत त्याची ओळ वेगळी असते, तिथेही तेच करायचं.

याने काय बिघडतं? ब्राउझरमधून नकाशा उघडला तर निळा ठिपका भलत्याच चौकात दिसतो. टॅक्सीच्या, जेवण मागवण्याच्या अ‍ॅपना काही होत नाही, कारण त्यांची परवानगी स्वतंत्र असते. फोनचं लोकेशनच सरसकट बंद करून टाकायचा सल्लाही ऐकायला मिळतो. तो देऊ नये आणि घेऊ नये: फोन हरवला तर मग तो शोधताना नाकी नऊ येतात.

चुकून दाबलं गेलं असेल तर

टॅब बंद करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, मेसेजचाही आणि पत्त्याच्या पट्टीचाही. भीतीपोटी आधी सगळं डिलीट केलं जातं आणि नंतर दाखवायला काही उरत नाही. मग टॅब बंद करा आणि वर सांगितल्याप्रमाणे यादीतून परवानगी काढा. गेलेला आकडा परत येत नाही, पण पुढचा जाणार नाही.

त्या पानाने एखादी फाइल डाउनलोड करायला लावली असेल आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' (अँड्रॉइड अ‍ॅप इन्स्टॉल करणारी फाइल) असेल, तर मामला लोकेशनच्या पलीकडचा आहे. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, बँकेचं केवायसी अशा नावांनी या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. नुसती डाउनलोड झाली असेल तर न उघडता काढून टाका. इन्स्टॉल झाली असेल तर लगेच एअरप्लेन मोड लावा, ते अ‍ॅप काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. अ‍ॅप निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिन या दोन ठिकाणी त्याला दिलेला अधिकार आधी काढावा लागतो. ते न निघण्याचं कारण बहुधा तिथेच असतं. पैसे गेले असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर त्याच क्षणी फिरवा.

उघडण्याआधी लिंक वाचणं

लिंकवर बोट दाबून धरा, कॉपी करा आणि नोट्समध्ये चिकटवा. आता दोन तिरप्या रेघांनंतरचा भाग बघा, पुढची एकेरी तिरपी रेघ येईपर्यंत. तेवढाच पत्ता, आणि तो उजवीकडून वाचायचा. 'तुमचीबँक डॉट को डॉट इन डॉट अपडेट डॉट एक्सवायझेड' यात बँक कुठेच नाही. मालक आहे 'अपडेट डॉट एक्सवायझेड'. डावीकडे कुणीही काहीही लिहू शकतो. सरकारी पत्ता 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' ने संपतो. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या शेवटावर यावं असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं, त्यामुळे बँकेच्या नावाने आलेली लिंक आता तपासायला सोपी झाली आहे.

बिटली, टायनीयूआरएल अशा सेवांनी लहान केलेली आखूड लिंक असेल तर आत काय आहे ते दिसत नाही. बिटलीच्या लिंकच्या शेवटी अधिकचं चिन्ह जोडून उघडलं की मूळ पत्ता दाखवणारं पान येतं. टायनीयूआरएलच्या पत्त्याआधी 'प्रीव्ह्यू' आणि ठिपका जोडायचा. एवढी खटपट नको असेल तर पाठवणाऱ्याला फोन करा. खरोखर.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकबरोबर दिसणारं चित्र पाठवणाऱ्याच्या फोनवर बनतं. म्हणून मेसेज नुसता आला, वाचला, तर तुमचा आयपी त्या साइटकडे जात नाही. आणि म्हणूनच ते चित्र म्हणजे खरेपणाचा पुरावाही नाही. ईमेलमध्ये चित्रांच्या आडून माग ठेवतात. जीमेल डिसेंबर २०१३ पासून चित्रं गूगलच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे तुमचा आयपी लपतो, पण मेल उघडला गेला हे मात्र समजू शकतं. तेही नको असेल तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा' निवडा.

व्हीपीएन आणि इन्कॉग्निटो

व्हीपीएन म्हणजे तुमची वाहतूक दुसऱ्याच सर्व्हरमार्फत फिरवणारी सेवा. ती आयपी बदलते, जीपीएस बदलत नाही. सिंगापूरचं व्हीपीएन लावून तुम्ही चौकटीत हो दाबलंत तर साइटला आयपी सिंगापूरचा आणि अक्षांश-रेखांश डोंबिवलीचे मिळतील. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरचा इतिहास न साठवणारा खासगी टॅब, तर आयपीही बदलत नाही. तो घरातल्या माणसांपासून इतिहास लपवतो, साइटपासून नाही. एवढ्यासाठी महिन्याला पैसे भरायची गरज नाही, आणि फुकटच्या व्हीपीएनला आपली सगळी वाहतूक सोपवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आपणच पाठवलेलं लोकेशन

लोकेशन दोन तऱ्हेने पाठवता येतं आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पिन म्हणजे नकाशावरचा एक ठिपका; तुम्ही तिथून निघून गेलात तरी तो तिथेच. लाइव्ह म्हणजे तुमच्याबरोबर सरकणारा ठिपका. हा फरक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अमली पदार्थांच्या एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने नायजेरियन आरोपीला जामीन देताना गूगल मॅपवर पिन टाकायची अट घातली होती, म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कुठे आहे ते कळेल. अशा पिनवरून माणसाचा चालता माग काढता येत नाही, हे गूगलने प्रतिज्ञापत्रातून सांगितलं. ८ जुलै २०२४ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ती अट रद्द केली: पोलिसांना आरोपीच्या खासगी आयुष्यात सतत डोकावू देणारी अट जामिनाला लावता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशनला तीनच मुदती आहेत: १५ मिनिटं, १ तास, ८ तास. रात्री एकटीने प्रवास करताना घरच्यांना तासाभराचं पाठवणं चांगलंच, पोचल्यावर हाताने थांबवा. भाडेकरू, दलाल, डिलिव्हरीवाला, ऑनलाइन ओळखीचा माणूस यांना पिन पुरते, आणि तीही घराची नको, कोपऱ्यावरच्या मेडिकलची द्या. गूगल मॅप्समध्ये स्वतःच्या फोटोवर टिचकी मारून 'लोकेशन शेअरिंग' उघडा. 'बंद करेपर्यंत' असं कुणाबरोबर शेअर केलं असेल तर ते तिथे दिसेल.

फोटोंचंही तसंच. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर ते फोटोच्या फाइलमध्ये लिहिलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ती नोंद गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. जुनी गाडी किंवा फ्रिज विकायला काढताना चांगल्या दर्जाचा फोटो म्हणून डॉक्युमेंट पाठवतात, आणि घराचे अक्षांश-रेखांश बरोबर जातात.

माग काढणारा ओळखीचा असेल तर

सगळ्यात अवघड प्रसंग हा. फोन कधीकाळी हातात घेतलेल्या माणसाने शेअरिंग चालू करून ठेवलं असेल तर कुठलीही लिंक लागत नाही. आयफोनवर आयओएस १६ पासून प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये 'सेफ्टी चेक' आहे. कोण काय बघतंय ते एका जागी दिसतं. अँड्रॉइडवर मॅप्सचं शेअरिंग, फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं अ‍ॅप) आणि गूगल खात्यात लॉगिन असलेली उपकरणं अशा तीन ठिकाणी बघावं लागतं. पण शेअरिंग बंद केल्याचं समोरच्याला लगेच समजू शकतं. तो माणूस हिंसक असेल तर आधी सुरक्षित जागी जा, दुसऱ्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनशी किंवा ११२ वर बोला, आणि बटण नंतर दाबा.

बाईच्या मागावर राहणं, तिच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पुरुषाविरुद्ध गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पोस्ट, बँक किंवा दुसऱ्याच कुणाचं सोंग घेऊन पान बनवून फसवणूक केली असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड लागू शकतं. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर किंवा कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. पैसे गेले नसतील आणि फक्त संशयास्पद मेसेज आला असेल तर संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' मध्ये नोंदवा.

तक्रारीला जाताना पाठवणाऱ्याचा नंबर, लिंकचा पूर्ण पत्ता शेपटीसकट, मेसेजची तारीख-वेळ आणि चॅटचे स्क्रीनशॉट न्या. मूळ चॅट फोनमध्येच राहू द्या. ठाण्यात कुणी 'उघडून दाखवा' म्हणालं तरी तुमच्या फोनवर ती लिंक पुन्हा उघडू नका, कागदावर लिहून द्या.